काखेतल्या धमनीचे फाटे : प्रकल्प नोंदी

६ जून

एथिक्स समितीचं पत्र हाती आलं. वीस हात, म्हणजे दहा देहांच्या दोन्ही बाजू. काखेतून जाणारी मुख्य धमनी, अ‍ॅक्झिलरी, हिचे फाटे कुठून फुटतात, कुठे जातात, ते पाहायचं, मोजायचं आणि चित्र काढून ठेवायचं.

पुस्तकातलं चित्र तोंडपाठ आहे. पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की सबक्लेव्हिअन धमनीला अ‍ॅक्झिलरी म्हणायचं. टेरेस मेजर स्नायूची खालची कड ओलांडली की ब्रेकिअल. नळी एकच, पाट्या तीन. वाटेत पेक्टोरॅलिस मायनर हा स्नायू तिच्यावरून आडवा जातो, म्हणून तिचे तीन भाग पाडायचे. पहिल्या भागाला एक फाटा (सुपीरिअर थोरॅसिक), दुसऱ्याला दोन (थोरॅको-अ‍ॅक्रोमिअल आणि लॅटरल थोरॅसिक), तिसऱ्याला तीन (सबस्कॅप्युलर, आणि दंडाच्या ह्युमरस हाडाच्या मानेला पुढून-मागून वळसा घालणाऱ्या दोन सर्कमफ्लेक्स). एक, दोन, तीन. परीक्षेत हे गणित फार उपयोगी पडतं.

नोंदीसाठी फॉर्म केला. सहा ओळी, ‘उगम कोणत्या भागातून’ असा एक रकाना, आणि शेवटी ‘नेहमीप्रमाणे / वेगळं’ अशी खूण. एका पानात मावला. सरांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “बघू, किती दिवस टिकतो.”

९ जून

हात क्र. १, उजवा. पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू सोडवून बाहेर उलटवला. त्याच्या आणि खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या मधल्या खाचेत सेफॅलिक शीर व्यवस्थित मिळाली, तिच्या शेजारी थोरॅको-अ‍ॅक्रोमिअलचा डेल्टॉइडकडे जाणारा फाटा. मायनर सोडवायच्या आधी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला धमनीवर एकेक दोरा बांधून ठेवला. ही युक्ती हॉलमधले मदतनीस मामा यांची. डिसेक्शन हॉलमध्ये त्यांनी जितक्या काखा उघडताना पाहिल्या तितक्या आमच्या विभागात कोणी पाहिल्या नसतील. “मॅडम, स्नायू उलटला की मग भाग पहिला कुठला आणि दुसरा कुठला, कुणाला सांगताय?” खरंच आहे. सीमा स्नायूने आखलेली, आणि स्नायूच बाजूला काढला तर सीमा उरतेच कुठे.

दिवस गेला तो चरबी काढण्यात. काखेतली चरबी लोण्यासारखी सैल नसते. तिच्यात शिरांची जाळी, लसीकाग्रंथी आणि बारीक नसा (म्हणजे नर्व्ह, रक्ताच्या नव्हेत) गुंतलेल्या असतात. चिमट्याने एकेक धागा सोडवावा लागतो.

सहाच्या सहा फाटे पुस्तकाबरहुकूम. ‘नेहमीप्रमाणे’वर खूण. जाम खूश.

सर : “एक बाजू जुळली म्हणून पेढे नको वाटूस. दुसरी काढ.”

१३ जून

हात क्र. १, डावा. तोच देह, पण लॅटरल थोरॅसिक दुसऱ्या भागातून निघतच नाही. मायनरच्या बाहेरच्या कडेने छातीवर उतरणारी धमनी आहे, जागेवर आहे, जाडीही नेहमीची. पण वर माग काढत गेलं तर ती सबस्कॅप्युलरच्या खालच्या फाट्यातून, थोरॅकोडॉर्सलमधून, आलेली. घर तेच, फक्त दार दुसऱ्या गल्लीत.

आणि एक गाढवपणा. सुपीरिअर थोरॅसिक ही मुळात बारीक. पहिल्या बरगडीजवळच्या शिरा साफ करताना मी एक धागा ओढला आणि तो हातात आला. शीर होती की धमनी, सांगता येईना. फॉर्ममध्ये काय लिहू? ‘नाही’ लिहिलं तर ते खोटं. ‘आहे’ लिहिलं तर तेही खोटं.

संध्याकाळी सरांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन घेऊन फॉर्मवर तिसरा रकाना ओढला : ‘तुटली / ठरवता आलं नाही’. म्हणाले, या विषयावरच्या लिखाणात ‘फाटा अनुपस्थित’ असं जिथे जिथे वाचशील, तिथे दर वेळी मनात विचार, अनुपस्थित होता की कुणाच्या तरी चिमट्यात गेला?

२० जून

आज फॉर्म मोडला.

हात क्र. ३, उजवा. तिसऱ्या भागातून एक जाड खोड निघतं. साधारण दीड सेंटिमीटर पुढे गेल्यावर त्यातून ह्युमरसच्या मागे वळसा घालणारी सर्कमफ्लेक्स फुटते आणि उरलेलं खोड सबस्कॅप्युलर म्हणून खाली जातं. तिथून पुढे ते सरळ वागतं : एक फाटा फऱ्याच्या (खांद्यामागच्या सपाट हाडाच्या) कडेला वळून पाठीमागे जाणारा, दुसरा थोरॅकोडॉर्सल.

आता याला म्हणायचं काय? तीन मतं पडली.

माझं : सबस्कॅप्युलर नेहमीसारखीच आहे, मागच्या वळशाचा उगम तेवढा वेगळा. म्हणजे एक फरक.

शेजारच्या टेबलावरच्या जोडीदाराचं : हे सामाईक खोड, दोघींचाही उगम वेगळा. म्हणजे दोन फरक.

मामांचं : “असं तर नेहमीच निघतं की.”

मामांचं मत सगळ्यात त्रासदायक. कारण ते बरोबर आहे. या दोन धमन्यांचं एकाच खोडातून निघणं इतकं वारंवार दिसतं की त्याला अपवाद म्हणताना जीभ अडखळते. पुस्तकातलं चित्र सर्वांत जास्त आढळणारी रचना दाखवतं असं आपण धरून चालतो. सहाच्या सहा फाटे, प्रत्येकाचा उगम स्वतंत्र, सगळे आपापल्या भागात, असा हात शोधायला बसलं तर मात्र वाट बघावी लागते. चित्र हे बऱ्याच हातांतून वेचून एकत्र बसवलेलं आहे; एकेका तुकड्याला बहुमत, पण अख्ख्या चित्राला नाही.

सरांनी नियम घालून दिला : धमनीचं नाव ती कुठून येते त्यावरून नाही, कुठे जाते आणि कोणाला रक्त देते त्यावरून. अ‍ॅक्झिलरी नसेसोबत डेल्टॉइडच्या आत शिरते ती मागची सर्कमफ्लेक्स, मग ती कुठूनही येवो. उगम वेगळा लिहायचा, वाट वेगळी, मुक्काम वेगळा. आणि फरक मोजायचा नाही, वर्णन करायचा.

फॉर्म २ : प्रत्येक फाट्याला तीन रकाने. आता दोन पानं.

२१ जून

जुने चार हात नव्या फॉर्मवर उतरवले. दिवसभर दुसरं काही नाही.

२८ जून

आजचा हात लक्षात राहील. क्र. ५, डावा.

मागून काम चालू होतं. डेल्टॉइड उलटवला आणि चौकोनी जागेत शिरले. ही जागा म्हणजे वरून टेरेस मायनर, खालून टेरेस मेजर, आतल्या बाजूला ट्रायसेप्सचं लांब डोकं, बाहेरच्या बाजूला ह्युमरसची मान. इथून अ‍ॅक्झिलरी नस आणि मागची सर्कमफ्लेक्स धमनी जोडीने बाहेर पडतात. विद्यार्थ्यांना ही जोडी आम्ही लग्नाच्या जोडप्यासारखी शिकवतो. एक दिसलं की दुसरं शेजारी असणारच.

नस होती. चपटी, पांढरी, बोटाखाली दोरीसारखी. शेजारी धमनी नव्हती.

पहिला विचार, तुटली. पण चौकोनी जागेतली चरबी मी अजून काढलीच नव्हती. चिमटा न लागलेली चरबी, तिच्यात तुटकं टोक कुठून येणार? मग उलट बाजूने गेले. डेल्टॉइडच्या आतल्या पृष्ठावर फाटे पसरलेले होते, चांगले भरलेले. म्हणजे स्नायूला रक्त येत होतं. तो फाटा धरून मागे येत राहिले. तो चौकोनी जागेकडे वळायच्या ऐवजी खाली उतरला, टेरेस मेजरच्या खालून आत गेला आणि दंडाच्या मागच्या बाजूला रेडिअल नसेला लागून चाललेल्या प्रोफंडा ब्रेकाय धमनीला जाऊन मिळाला.

म्हणजे रक्ताच्या दिशेने सांगायचं तर : मुख्य धमनी टेरेस मेजर ओलांडून दंडात उतरली, तिथे प्रोफंडा फुटली, आणि त्या प्रोफंडातून एक फाटा उलटा वर चढून, टेरेस मेजरला खालून वळसा मारून, खांद्याला आला. अ‍ॅक्झिलरीचा फाटा म्हणून आपण शिकवतो तो इथे अ‍ॅक्झिलरीला शिवतही नाही.

ही रचना नवी नाही, जुन्या लेखनात वर्णन आहे. पण वाचणं वेगळं आणि नसेला एकटीला त्या जागेत पाहणं वेगळं. जोडीदाराला हाक मारली. तो काही बोलला नाही, नुसता वाकून पाहत राहिला. मग मामा आले, पाहिलं, आणि दिवा जवळ सरकवून दिला.

ज्यांना ह्युमरसच्या मानेजवळ शस्त्रक्रिया करायची असते त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. चौकोनी जागेत धमनी नाही म्हणून निर्धास्त होऊन टेरेस मेजरच्या खालच्या कडेला काही कापलं, तर डेल्टॉइडचा पुरवठाच कापला जाईल.

४ जुलै

मोजमापाची भानगड. ‘टेरेस मेजरच्या खालच्या कडेपासून इतके मिलिमीटर’ असं लिहितोय खरं, पण हात शरीराजवळ असताना ती कड एका जागी असते आणि हात बाजूला उचलला की दुसऱ्या. फॉर्मेलिनमधला खांदा आखडलेला असतो, प्रत्येकाचा सारखा उचलत नाही. दंडाखाली लाकडी ठोकळे लावून सगळ्या हातांना शक्य तितका एकच कोन द्यायचा ठरवलं, आणि अंतरं पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेपासून धमनीवर ओला दोरा टाकून घ्यायची. व्हर्निअर फक्त जाडीसाठी. तीच मापं दोन वेगळ्या दिवशी दोघांनी घ्यायची, एकमेकांची वही न बघता.

पहिल्याच तुलनेत आमच्यात बरंच अंतर. दोष दोऱ्याचा, जोडीदार ताणून धरतो, मी सैल. आता दोघंही सैल.

११ जुलै

ग्रंथालयात. १९२८ साल या विषयात दोनदा भेटतं. त्याच वर्षी डे गॅरिस आणि स्वार्टली यांनी ५१२ अ‍ॅक्झिलरी धमन्यांचा अभ्यास छापला आणि फाट्यांच्या मांडणीचे २३ प्रकार पाडले. त्याच वर्षी जपानमध्ये बुन्तारो अडाची यांचा जपानी लोकांच्या धमन्यांवरचा मोठा ग्रंथ आला, जर्मन भाषेत. पुढे १९५३ मध्ये मॅककॉर्मॅक, कॉल्डवेल आणि अ‍ॅन्सन यांनी ७५० हात तपासले. त्यांचा भर दंड आणि पुढच्या हातावर.

२३ प्रकार वाचून आधी धडकी भरली, मग हसू आलं. सहा फाटे, त्यातले कोणते कोणाशी जोडीने निघतात याच्या जुळण्या करायला घेतल्या तर प्रकार हवे तितके होतील. आमच्या हातात आतापर्यंत आलेले हात जवळपास सगळे एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. प्रकार पाडायचे नाहीत, हे आज सरांना सांगून टाकलं. आणि आकड्यांची तुलनाही जपून. एकाने सामाईक खोडाला सबस्कॅप्युलर म्हटलं, दुसऱ्याने वेगळं मोजलं, की दोघांच्या टक्केवारीत फरक पडणारच, आणि मग त्या फरकाला लोक वंशाचं नाव देऊन मोकळे होतात.

सर : “वीस हातांवर तू टक्केवारी काढूच नकोस. इतक्या हातांपैकी इतके, एवढं लिही.”

१८ जुलै

हात क्र. ७, उजवा. काखेत मीडिअन नसेची दोन मुळं धमनीच्या दोन बाजूंनी येतात आणि तिच्यासमोर जुळतात. इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी आकृती, धमनी त्या अक्षराच्या मागे. इथे अक्षराच्या पुढे आणखी एक धमनी होती.

मुख्य धमनी नेहमीसारखी मागे, आणि तिच्या वरच्या टोकातून फुटलेली दुसरी, बारीक, नसेच्या पुढून उतरणारी. दंडभर दोघी समांतर. त्वचा आणि फॅशिया (तिच्याखालचं पातळ आवरण) काढताच वरची दिसते, इतकी उथळ. कोपरापर्यंत माग काढला, मग मनगटापर्यंत : पुढची झाली रेडिअल (अंगठ्याच्या बाजूची), मागची झाली अल्नर (करंगळीच्या बाजूची). रेडिअल धमनी कोपराशी फुटायच्या ऐवजी काखेतच फुटून निघाली होती.

रेडिअलचा असा वरून उगम दुर्मीळ नाही. १९५३ च्या त्या ७५० हातांत साधारण १४ टक्क्यांत तो होता. मात्र त्यातले बहुतेक दंडातून, काखेतून फुटणारे थोडे. मनगटाच्या नाडीतून हृदयाकडे कॅथेटर सरकवणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा. कोपराच्या वर गेल्यावरही नळी रुंद होत नाही, तार अडते, आणि कारण बऱ्याचदा हेच असतं.

रात्री घरी स्वतःच्या दोन्ही दंडांवर बोटं ठेवून नाडी चाचपत बसले. काही कळलं नाही.

२५ जुलै

असं का होतं याचं वाचन. जुनी समजूत अशी की गर्भाच्या हाताच्या अंकुरात मधोमध एक अक्ष-धमनी असते आणि बाकीच्या तिच्यातून कोंबासारख्या फुटतात. १९३३ मध्ये सिंगर यांनी याच धर्तीवर पायऱ्या मांडल्या आणि प्रौढ हातातले फरक म्हणजे मधल्या पायरीवर राहून गेलेल्या धमन्या, असं सांगितलं. २००१ मध्ये रॉड्रिगेझ-नीडेनफ्यूर आणि सहकाऱ्यांनी ११२ मानवी भ्रूणांचे हात पाहून वेगळं चित्र दिलं : आधी सगळीकडे केशवाहिन्यांचं जाळं, मग खांद्याकडून बोटांकडे जात त्यातल्या काही वाटा रुंदावतात, बाकीच्या मिटतात.

मला दुसरं पटतं, कारण हात क्र. ५ त्याने उलगडतो. जाळ्यात डेल्टॉइडकडे जाणाऱ्या वाटा एकापेक्षा जास्त असणार, चौकोनी जागेतून एक आणि टेरेस मेजरखालून एक. बहुतेकांत पहिलीची चाकोरी पडते. या माणसात दुसरीची पडली. स्नायूला रक्त मिळालं, त्याला वाटेशी काय देणंघेणं.

१ ऑगस्ट

खांद्याची वरची बाजू. फऱ्याच्या वरच्या कडेला एक खाच असते, तिच्यावर लिगामेंटचा पूल. पुलाखालून सुप्रास्कॅप्युलर नस जाते, वरून त्याच नावाची धमनी. आज दोघीही पुलाखालून. खाच आधीच अरुंद, त्यात धमनीची गर्दी. अशा ठिकाणी नस दाबली जाण्याची शक्यता वाढते असं मानतात.

फऱ्याभोवतीचं जाळं मात्र बघण्यासारखं. सुप्रास्कॅप्युलर आणि डॉर्सल स्कॅप्युलर वरून येतात, सबस्कॅप्युलरचा मागे वळणारा फाटा खालून, आणि हाडाच्या पाठीवर त्या एकमेकींना भेटतात. त्यामुळे अ‍ॅक्झिलरीच्या वरच्या भागात अडथळा आला तरी हाताला आडवाटेने रक्त पोचतं. अट एवढीच की अडथळा सबस्कॅप्युलरच्या उगमाच्या वर हवा. म्हणून तो उगम नक्की कुठे आहे, हा आमच्या वहीतला सगळ्यात कामाचा आकडा.

८ ऑगस्ट

प्लॅस्टिक सर्जरीतली मैत्रीण टेबलापाशी येऊन गेली. तिला टक्केवारीत रस नाही. ती पाठीचा लॅटिसिमस स्नायू थोरॅकोडॉर्सलच्या देठासकट उचलून दुसरीकडे लावते. देठ लांब हवा असेल तर वर वर जात सबस्कॅप्युलरच्या उगमापर्यंत कापायचं. तिला हात क्र. ३ दाखवला. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “म्हणजे मी इथे बांधलं तर खांद्याची पण गेली.” बरोबर. सामाईक खोड मुळाशी बांधलं की मागचा वळसाही बंद.

तो गेला तर किती बिघडतं? ह्युमरसच्या डोक्याला रक्त मुख्यतः पुढच्या सर्कमफ्लेक्सच्या चढत्या फाट्यातून मिळतं, असं १९९० च्या गर्बर यांच्या अभ्यासानंतर बराच काळ मानलं जायचं. २०१० मध्ये हेट्रिक आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने मोजलं तेव्हा ६४ टक्के पुरवठा मागच्या सर्कमफ्लेक्सचा निघाला, ३६ टक्के पुढचीचा. पुढची आमच्या हातांतही बहुतेकदा सुतळीइतकी बारीक आणि मागची तिच्या दुप्पट दिसते, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

जाताना तिने विचारलं, डावीकडचं पाहून उजवीकडचं सांगता येतं का? नाही. दहातल्या एकाही देहात अजून दोन्ही बाजू हुबेहूब निघालेल्या नाहीत.

२२ ऑगस्ट

विसावा हात झाला. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

फॉर्म ३ (चार पानं) झाल्यापासून सुरुवातीचे हात पुन्हा तपासायचे राहिले होते. क्र. १, उजवा, ओल्या फडक्यातून बाहेर काढला. जूनमध्ये याच्यावर मी ‘नेहमीप्रमाणे’ची खूण केली होती. तेव्हा फक्त पुढून पाहिलं होतं. आज धमनी दोऱ्याने हलकेच उचलली आणि मामांनी भिंग धरलं. दोन्ही सर्कमफ्लेक्स शेजारी-शेजारी निघतात असं मी लिहिलेलं. प्रत्यक्षात मागच्या बाजूला दोघींचं एक आखूड खोड आहे, व्हर्निअरवर चार मिलिमीटर. शिवाय सबस्कॅप्युलरच्या वर एक छोटा फाटा थेट अ‍ॅक्झिलरीतून सबस्कॅप्युलॅरिस स्नायूत जातो. जूनच्या चित्रात तो नाही. त्या वेळी ‘स्नायूचं काहीतरी’ म्हणून सोडून दिला असणार.

जूनचा फॉर्म फाडला नाही. खुणेवर काट मारली, बाजूला आजची तारीख टाकून सही केली, आणि नवा फॉर्म त्याच्या मागे टाचला. उद्या क्र. १, डावा. तुटलेल्या त्या धाग्याचं बुंध्याकडचं टोक भिंगातून सापडतं का ते बघायचं.